पंडिता रमाबाई : एक चरित्रस्मरण

प्रतिवर्षी प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेत ज्ञातीतील कर्तबगार पूर्वजांची चरित्रे देण्याचा प्रघात वाचकांच्या परिचयाचा आहे. पेशवाईतील मुत्सद्दी झाले, न्यायमूर्ती झाले, गणिती, संपादक, देशभक्त आणि कीर्तनकारही झाले. त्यांतील दोनचार चरित्रे लिहिण्याचे काम आमच्याच वाट्यास आले होते. परंतु मागील अंकांच्या अनुक्रमणिका चाळताना एक नाव आम्हांस कोठे आढळले नाही, आणि ते का आढळत नाही हे न सांगताही सर्वांस ठाऊक आहे. रमाबाई डोंगरे या चित्पावन कुळात जन्मल्या, संस्कृत विद्येने त्यांनी कलकत्त्याच्या पंडितांस थक्क केले, आणि १८८३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. या तिसऱ्या गोष्टीने पहिल्या दोन पुसल्या गेल्या. संपादक मंडळापुढे आम्ही हे नाव मांडले तेव्हा थोडी चर्चा झाली. ती येथे सांगण्याचे कारण नाही. अनुमती मिळाली, त्याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत.

रमाबाईंच्या चरित्रास आरंभ त्यांच्या वडिलांपासूनच केला पाहिजे. अनंतशास्त्री डोंगरे हे मूळचे कर्नाटकातील माळहेरंजी गावचे. विद्यार्थिदशेत ते पुण्यास रामचंद्रशास्त्री यांजपाशी शिकत होते. हे गुरुजी दुसऱ्या बाजीरावांच्या वाड्यात त्यांच्या पत्नीस संस्कृत शिकविण्यास जात, आणि शिष्यही कधी बरोबर असे. स्त्रीच्या मुखातून देववाणी ऐकून त्या तरुण शास्त्र्यांच्या मनाने असे घेतले की, आपणही आपल्या पत्नीस शिकवावे. प्रथम पत्नीच्या बाबतीत घरच्या मंडळींनी ते होऊ दिले नाही. पुढे ती निवर्तल्यावर चौवेचाळीस वर्षांचे असताना पैठण येथे गोदावरीच्या घाटावर एका यात्रेकरू ब्राह्मणाने आपली नऊ वर्षांची कन्या त्यांस दिली. तीच लक्ष्मीबाई. तिला त्यांनी शिकविण्यास आरंभ करताच गावात वादळ उठले. उडुपीच्या विद्वत्सभेपुढे शास्त्रीबुवांस जाब द्यावा लागला, तो त्यांनी शास्त्राधार काढून दिला. तथापि गावातील वास्तव्य असह्य होऊन ते पश्चिम घाटातील गंगामूळ या अरण्यस्थानी जाऊन राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला.

आल्यागेल्या यात्रेकरूस अन्न देता देता शास्त्रीबुवांची शेतीवाडी गेली. मुलगी सहा महिन्यांची असताना तिला वेताच्या पेटीत घालून ते कुटुंब तीर्थाटनास निघाले, आणि पुढे जवळजवळ सोळा वर्षे मंदिराच्या ओवरीत पुराण सांगावे व येईल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, असा क्रम चालला. वडील वृद्ध झाले होते, म्हणून रमाबाईंस शिकविले आईने, पहाटेच्या अंधारात. बाराव्या वर्षाच्या सुमारास भागवताचे अठरा हजार श्लोक त्यांस मुखोद्गत होते. आम्ही उभा जन्म शाळेत घालविला. मुलांकडून वीस ओळींची कविता पाठ करून घेताना काय सायास पडतात, ते आम्हांस विचारावे.

यानंतर जे घडले ते फार कठोर आहे. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. ऐकणारेच उपाशी, तेथे पुराणिकास दक्षिणा कोण देणार? हातांनी मजुरी करावी तर ब्राह्मणाने तसे करू नये हे संस्कार बालपणापासून झालेले, आणि तशी सवयही नाही. पाने व रानफळे खाऊन दिवस काढता काढता प्रथम वडील गेले. थोड्याच काळात रायचुराजवळ आई गेली. तिची तिरडी उचलण्यास माणसे मिळेनात. अखेर दोघा ब्राह्मणांस दया आली. तिसरा खांदा मुलाचा, चौथा रमाबाईंचा. स्मशान तीन मैल दूर होते. रमाबाई उंचीने ठेंगण्या असल्याने खांदा पुरेना, म्हणून त्यांनी आपली बाजू डोक्यावर घेतली व तशीच ती तीन मैल नेली. पुढे वडील बहीणही गेली. राहिले भाऊ श्रीनिवास व त्या. दोघे पायी उत्तर हिंदुस्थानभर काश्मीरपर्यंत हिंडले. थंडीत पांघरूण नसले म्हणजे नदीकाठी वाळूत खड्डा करून, अंगावर वाळू ओढून ती भावंडे रात्र काढीत. या चरित्राचा पुढील भाग समजून घेताना वाचकांनी ती तिरडी आणि ही वाळू विसरू नये, एवढीच विनंती.

१८७८ साली ही भावंडे कलकत्त्यास पोहोचली. वीस वर्षांची अविवाहित ब्राह्मण कन्या शास्त्रचर्चा करते हे पाहून तेथील विद्वानांनी तिची परीक्षा घेतली व पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. वर ब्राह्मण नव्हता. एक कन्या झाली, तिचे नाव मनोरमा. विवाहास दोन वर्षेही झाली नाहीत तोच, फेब्रुवारी १८८२ मध्ये, पटकीने पती गेले. रमाबाईंचे वय तेव्हा तेवीस.

त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या. न्यायमूर्ती रानडे प्रभृती मंडळींनी त्यांचे स्वागत केले. आर्य महिला समाज स्थापन झाला. ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक निघाले. हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्रीशिक्षिका व स्त्रीवैद्य यांची निकड मांडली. स्वतः वैद्यक शिकण्याची त्यांची इच्छा होती. पुस्तकाच्या विक्रीतून वाटखर्चाची तजवीज करून १८८३ साली तान्ह्या मुलीसह त्या इंग्लंडास गेल्या. कानांनी नीट ऐकू येत नसल्याने वैद्यकाचा विचार मात्र सोडावा लागला.

आता धर्मांतराचा विषय. यावर आपल्यात अनेक प्रवाद आहेत. कोणी म्हणतो मिशनरी बायांनी भुरळ घातली, कोणी म्हणतो निराधार स्थितीचा फायदा घेतला. काशीचे नीळकंठशास्त्री गोऱ्हे, जे पुढे नेहेम्या गोऱ्हे झाले, त्यांच्या पत्रांनी रमाबाईंच्या शंका फिटल्या हे खरे आहे. परंतु त्यांचे मन प्रथम हलले ते ग्रंथाने नव्हे. वाँटेज येथील ज्या भगिनीसंघात त्या राहत होत्या, त्या संघाचे एक घर लंडनमध्ये फुलॅम भागात होते. तेथे रमाबाईंस हवापालटासाठी पाठविले असता भगिनींनी त्यांस आपले काम दाखविले. ते घर समाजाने ज्यांस पतित ठरविले अशा स्त्रियांचे होते. तेथे कुलीन घराण्यांतील इंग्रज स्त्रिया त्यांची शुश्रूषा करीत होत्या, त्यांस काम शिकवीत होत्या. आणि एकेकाळी तेथे आश्रयास आलेल्या काही जणी आता स्वतःच दुसऱ्यांची सेवा करीत होत्या.

रमाबाई शास्त्र जाणणाऱ्या. अशा स्त्रीस राजाने कोणते शासन करावे हे त्यांनी स्मृतींत वाचले होते; तिला जवळ करावे असे कोठे वाचले नव्हते, आणि हिंदुस्थानभर पायी हिंडूनही कोठे पाहिले नव्हते. तुम्ही या बायकांसाठी हे का करता, असे त्यांनी एका भगिनीस विचारले. तिने योहानाच्या शुभवर्तमानातील चौथा अध्याय उघडून दाखविला. त्यात विहिरीवर आलेल्या एका शोमरोनी स्त्रीची कथा आहे. ती परकीय, यहुदी लोक जिच्या हातचे पाणी घेत नसत अशा जातीची, आणि चारित्र्यानेही बोल लागलेली. येशू ख्रिस्त तिच्यापाशी पाणी मागतो आणि तिच्याशी बरोबरीने धर्मचर्चा करतो. पाण्याचा विटाळ म्हणजे काय, हे आपल्या घरात वाढलेल्या मनुष्यास समजावून सांगावे लागत नाही. रमाबाईंस ती कथा एका वाचनात कळली असावी. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

धर्म बदलला, पण मान तुकविण्याची सवय मात्र त्यांनी लावून घेतली नाही. ज्या भगिनीने त्यांस दीक्षेपर्यंत आणले, तिच्याशीच पुढे त्यांचा पत्रव्यवहारातून कडकडीत वाद झाला. चर्चची प्रत्येक आज्ञा निमूट मान्य करावी हे त्यांस पटेना. मांसाहार त्यांनी केला नाही. चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात शिकत असताना पुरुष विद्यार्थ्यांस शिकविण्याचा प्रश्न निघाला, तेव्हा बिशपांनी हरकत घेतली. तीही त्यांस रुचली नाही. ज्यांनी त्यांस मिशनऱ्यांच्या हातचे बाहुले म्हटले, त्यांनी ही पत्रे पाहिली असती तर बरे झाले असते.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास रमाबाई फिलाडेल्फियास गेल्या, आणि अमेरिकेतच जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी १८८७ साली इंग्रजीत ग्रंथ लिहिला, बोस्टन येथे साहाय्यक मंडळ स्थापन केले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. विधवांची राहण्याची व शिकण्याची सोय, आणि धर्माच्या बाबतीत कोणावर सक्ती नाही, असा नियम होता. आरंभीच्या विद्यार्थिनींत गोदूबाई या बालविधवा होत्या. १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांनी त्यांच्याशी पुनर्विवाह केला, आणि मुरूडकरांनी कर्व्यांस वाळीत टाकले. कर्व्यांचे चरित्र या स्मरणिकेत येऊन गेले आहे. १९५८ साली त्यांस भारतरत्न मिळाले तेव्हा ज्ञातीस केवढा आनंद झाला होता, हे आमचे वडील सांगत. मात्र ज्या घरातून त्यांची सहधर्मचारिणी आली, त्या घराचे नाव त्या आनंदात कोणी घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

शारदासदन निघाले त्याच वर्षी मुंबईस राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले. तेथील सामाजिक परिषदेत विधवांच्या केशवपनाविरुद्ध रमाबाई बोलल्या. येथे आमच्या घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. आमच्या आजोबांच्या थोरल्या भगिनी, ज्यांस सारे घर आत्या म्हणे, नवव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आल्या होत्या. आम्ही लहान असताना त्या सत्तरीच्या घरात होत्या. लाल आलवण, डोक्यावरून कपाळापर्यंत ओढलेला पदर, आणि कोठीला लागून असलेली एक अंधारी खोली, एवढा त्यांचा संसार. मंगलकार्यात त्या पुढे येत नसत. परंतु मंगलकार्याचे लाडू, चिरोटे, पुरणाचे रांधणे सारे त्यांच्याच हातचे असे. त्या निरक्षर होत्या. शाळेतून आलो म्हणजे त्या आमची पाटी हाती घेत, अक्षरांवरून बोट फिरवीत आणि काही न बोलता परत देत. आम्ही पुढे शिक्षक झालो, शेकडो मुलांस मुळाक्षरे शिकविली. आत्यांस शिकवावे हे आमच्या कधी मनात आले नाही. त्या गेल्या तेव्हा आम्ही दहा वर्षांचे होतो, असे म्हणून आम्ही स्वतःचे समाधान करून घेतो. परंतु घरात वडील होते, काका होते, आणि तेही शिकलेलेच होते.

१८९० च्या अखेरीस शारदासदन पुण्यास आले, आणि १८९३ मध्ये मोठा गहजब झाला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत; दार उघडे असे; मुली जाऊन बसत. मुलींस बाटविण्याचा हा डाव आहे अशी केसरीने टीका केली. सल्लागार मंडळातून रानडे व भांडारकर बाहेर पडले. वीसपंचवीस मुलींस पालकांनी काढून नेले. टीकाकारांची भीती अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. पुढे काही मुली खरोखरच ख्रिस्ती झाल्या. सक्ती नव्हती, पण ज्या बाईने आपल्याला जेवू घातले तिच्या देवाकडे मुलीचे मन ओढले जाणे स्वाभाविक आहे, आणि हे रमाबाईंसारख्या बुद्धिमान स्त्रीस कळत नसेल असे नाही. पालकांस आधी जे सांगितले गेले व नंतर जे घडले, त्यात अंतर पडले हे मान्य केले पाहिजे. परंतु काढून नेलेल्या मुली पुन्हा कोणत्या खोल्यांत जाऊन बसल्या, याची चौकशी त्या काळच्या वृत्तपत्रांतून झाली नाही. त्या खोलीपैकी एक आम्ही पाहिली आहे.

१८९६-९७ चा दुष्काळ आला. मध्यप्रांतातून येणाऱ्या बातम्या वाचून रमाबाईंस राहवेना. वाळूत निजलेल्या रात्री त्यांस आठवल्या असतील. त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रांभोवती मुलींचा व्यापार करणारे लोक घिरट्या घालीत होते, आणि निराधार मुली त्यांच्या हाती पडत होत्या. रमाबाईंनी मिळतील तेवढ्या मुली गोळा केल्या. आणता आणता संख्या तीनशेवर गेली. यांत ब्राह्मण विधवा थोड्या. कुणबी, महार, मांग, गोंड, कोणीही. अंगावर चिंध्या, केसांत किडे, हाडांस चिकटलेली कातडी. अनेकींना रोग जडलेले. उच्चवर्णीय विधवांसाठी उघडलेल्या सदनाचा मूळ संकल्प येथे मागे पडला, आणि शास्त्रीबुवांची भागवत जाणणारी कन्या कोणाची जात न विचारता त्या मुलींचे केस धुऊ लागली.

पुण्यात तेव्हा प्लेग होता, एवढी माणसे शहरात ठेवण्यास परवानगी नव्हती. पुणे-दौंड लोहमार्गावर केडगाव येथे रमाबाईंनी पूर्वीच सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. तेथे तंबू व झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्तिसदन. प्लेगच्या व्यवस्थेत आपल्या एका मुलीची हेळसांड झाली म्हणून त्याच रमाबाईंनी इंग्रज अधिकाऱ्यांवर वृत्तपत्रातून जाहीर टीका केली व मुंबई सरकारचा रोष ओढवून घेतला. ख्रिस्ती झाल्या म्हणजे राज्यकर्त्यांच्या झाल्या, हा समज तेथेही खोटा ठरला.

१९०० च्या दुष्काळात गुजरात व राजपुतान्यातून आणखी मुली आल्या, आणि केडगावास सुमारे दोन हजार माणसांची वस्ती झाली. इतक्या जणींस काय लागते, याचा गृहिणींनी हिशेब करून पाहावा. विहिरी खणल्या, शेत पिकविले, गाईम्हशी पाळल्या, माग घातले, तेलाचे घाणे सुरू केले, छापखाना काढला. प्रत्येकीने अर्धा वेळ शिकावे व अर्धा वेळ हातांनी काम करावे, असा परिपाठ होता. हातांनी काम करू नये या संस्कारापायी आईवडील उपाशी मेलेले ज्यांनी पाहिले, त्यांनी हा परिपाठ घातला. अंधांसाठी वेगळे घर होते. मनोरमेने ब्रेल लिपी शिकून त्यांस वाचण्यास शिकविले. वृद्धांसाठी निराळे घर होते. आणि एक होते कृपासदन. समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांसाठी ते घर होते. फुलॅममध्ये पाहिलेल्या गोष्टीस त्या वेळी सोळा-सतरा वर्षे होऊन गेली होती.

आता केडगावातील शिक्षण उघड ख्रिस्ती होते, लपवाछपवी राहिली नव्हती. भाकरीच्या मोबदल्यात धर्म, असा आक्षेप तेव्हाही निघाला, आजही निघतो. या आक्षेपावर आम्ही पुष्कळ विचार केला. उपाशी मुलीस निवड कोठली, हे म्हणणे खोडून काढणे अवघड आहे. मात्र त्या दुष्काळात त्या मुलींस नेण्यास दुसरी कोणती गाडी फलाटावर उभी होती, याचेही उत्तर आक्षेपकाने द्यावे लागेल. आमच्या ज्ञातीचे भांडार त्या वर्षी कोणासाठी उघडले होते, हे आम्ही जुन्या कागदांत शोधले. ज्ञातीतील विद्यार्थ्यांसाठी उघडले होते, हे सांगण्यास आम्हांस संकोच नाही. त्यापलीकडची नोंद सापडली नाही.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी स्वतःस बायबलच्या भाषांतरास वाहून घेतले. जे मराठी भाषांतर होते ते संस्कृतप्रचुर असून खेड्यातल्या बाईस कळत नाही, असे त्यांचे मत. स्वतः संस्कृतात पारंगत असूनही त्यांनी संस्कृत शब्द वेचून बाजूस काढले! त्यासाठी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकल्या. खिळे जुळविण्यापासून बांधणीपर्यंत सारे काम केडगावच्या मुलींनी केले. भाषांतरात काही ठिकाणी भाषा ओबडधोबड झाली आहे असे आमचे मत आहे. शाळामास्तरास ते खटकणारच.

१९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. वयाच्या तेविसाव्या वर्षापासून जिच्या आधाराने दिवस काढले, व जिच्या हाती हे सारे सोपवावयाचे, ती एकुलती कन्या. रमाबाईंनी भाषांतराचे काम थांबविले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी पहाटे झोपेतच त्यांचा अंत झाला. संपूर्ण बायबल १९२४ साली छापून निघाले. केडगावची संस्था आजही चालू आहे. १९८९ मध्ये भारत सरकारने त्यांच्या नावे टपाल तिकीट काढले.

आमच्या लहानपणी घरची मंडळी पंढरपुरास निघाली की आत्याही बरोबर असत. पुण्याहून निघालेली गाडी केडगावास क्षणभर थांबे. एरवी खाली मान घालून जप करणाऱ्या आत्या त्या स्थानकावर माळ थांबवीत आणि खिडकीतून बाहेर पाहत. गाडी हलून फलाट मागे पडेपर्यंत त्या पाहतच राहत. आम्हांस त्याचे कारण कळत नसे. पुष्कळ वर्षांनी आमच्या आईने सांगितले की, आत्यांच्या वयाची शेजारच्या आळीतील एक बालविधवा एके रात्री घरातून निघून केडगावास गेली होती. तिच्या घरच्यांनी तिच्या नावाने स्नान केले. जाण्यापूर्वी ती परसदारी येऊन आत्यांस हाक मारून गेली होती, आणि आत्या उठल्या नव्हत्या.